पोटाची दुसरी शिलाई

धायरीत बसस्टॉपच्या मागच्या गल्लीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, आणि दोन वर्षं त्या दुकानात मला कापड कापता येत नव्हतं. शिवता येत होतं. मशीनवर ताठ बसून दिवसभर शिवलं तरी काही होत नसे. पण कटिंगच्या टेबलावर वाकले की पाचव्या मिनिटाला पोटातलं आंबट पाणी घशाशी यायचं, छातीत आग व्हायची आणि हातातली कात्री टाकून मला नळाकडे धावावं लागायचं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या शालूच्या ब्लाऊजपीसवर ते पडता पडता राहिलं. त्या दिवसापासून कटिंग मी दुकानातल्या मदतनीस बाईंच्या हातात दिलं.

लोकांना वाटतं, टेलर म्हणजे शिवणारा. शिवायला कुणीही शिकतं. समोर उभ्या राहिलेल्या बाईचा एक खांदा किंचित उतरलेला आहे, तिची पाठ पुढे झुकलेली आहे, हे बघून कात्री कुठे वळवायची हे ज्याला कळतं तो टेलर. कटिंग गेलं आणि मी माझ्याच दुकानात नोकरीला लागल्यासारखी झाले. मला त्याचा भयंकर राग यायचा. तो राग मी त्या मदतनीस बाईंवर काढायचे, हे मला तेव्हाही कळत होतं आणि तरी मी तो काढायचे.

या सगळ्याचं मूळ माझ्या पहिल्या ऑपरेशनमध्ये होतं. आठ वर्षांपूर्वी माझं वजन एकशे अठरा किलो होतं. गुडघे गेले होते, साखर वाढली होती. तेव्हा एका रुग्णालयात दुर्बिणीतून ऑपरेशन करून माझ्या जठराचा मोठा भाग कापून काढला आणि उरलेल्या भागाची केळ्याएवढी नळी केली. थोडं खाल्लं की पोट भरायचं. वर्षभरात चाळीस किलो उतरलं. मी दुकानात अशी मिरवायला लागले की गिऱ्हाइकं स्वतःची मापं द्यायची विसरून माझ्याकडेच बघत बसायची.

त्या मिरवण्यात मी एक मूर्खपणा केला. दुसरी कुठलीही बाई तो करू शकली नसती, कारण दुसऱ्या बायकांना तो करून घ्यायला टेलरकडे यावं लागलं असतं. ब्लाऊजच्या आत दोन्ही बाजूंच्या शिवणीला आम्ही जास्तीचं कापड ठेवतो. त्याला माया म्हणतात. बाई जाड झाली की शिवण उसवायची आणि तेवढं कापड मोकळं करायचं. मी माझे सगळे ब्लाऊज आत घेतले आणि आतली माया कात्रीने कापून टाकली. गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला कुणी असं केलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. पण स्वतःच्या बाबतीत मला खात्री होती की आता परत जाड व्हायचंच नाही. चौथ्या वर्षी वजन चढायला लागलं, आणि उसवायला गेले तर आत दोऱ्याशिवाय काही नव्हतं.

वजन का चढलं? थोडा दोष शरीराचा, उरलेला जिभेचा. पोळीभाजी दोन घासांत नको व्हायची, पण चहात बुडवलेलं बिस्कीट, आइस्क्रीम, मशीनशेजारी वाटीत ठेवलेलं भडंग, हे सगळं त्या नळीतून सहज खाली उतरायचं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. मी मान डोलावली होती आणि घरी येऊन वाटी भरली होती.

वजनाचं मी निभावून नेलं असतं. वाकण्याचं मला निभावता येईना. उशा रचून बसल्या बसल्या झोपायचे, गोळ्या घ्यायचे. शेवटी घशातून नळी घालून तपासणी झाली आणि अन्ननलिकेत जखमा निघाल्या. त्या तशाच ठेवून चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उपाय एकच होता. केळ्याएवढी केलेली नळी वरच्या टोकाला कापायची, तिथे छोटीशी पिशवी करायची आणि ती थेट आतड्याला जोडायची. म्हणजे परत ऑपरेशन. त्याच जागी.

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "अगं, एकदा झालं ते पुरे की. कटिंग नाही केलंस तर काय आभाळ कोसळणार आहे? बसून शीव."

"तुम्हाला सांगितलं, पेपर हातात धरा पण वाचू नका, तर?"

"तर मी टीव्ही बघेन," ते म्हणाले.

मुलगी विश्रांतवाडीला राहते, आयटीत आहे. तिने फोनवरच निकाल दिला. "आई, रोबोटिकच कर. सिंपल आहे ना. प्रिसिजन जास्त, ह्यूमन एरर कमी."

"रोबोट आपला आपण कापतो का?"

"तसं नाही गं, डॉक्टरच चालवतात. बट स्टिल."

या 'बट स्टिल'वर मी पोट उघडायला देणार नव्हते. नवऱ्याला नको होतं, मुलीला रोबोट हवा होता, आणि दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं. मी ठरवलं की ऑपरेशन करायचं, पण कशाने करायचं हे मी स्वतः विचारून, समजून ठरवणार. जिचं पोट तिनेच ठरवायचं.

ऑपरेशनसाठी मी गाठलेले डॉक्टर वेगळे होते, शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयातले, पंचेचाळिशीचे. दोन्ही पद्धतींनी ऑपरेशन करणारे आहेत म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "तुम्हाला या ऑपरेशनमधून काय हवंय?"

"मला वाकता आलं पाहिजे," मी म्हणाले. "टेबलावर. कापड कापायला."

त्यांनी मान वर करून पाहिलं. त्यांच्याकडे येणारे सगळे किलोत बोलत असणार. "वजन पहिल्या वेळेइतकं उतरणार नाही," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा उतरत नाही तेवढं. ॲसिडिटी मात्र बहुतेक जाईल. बहुतेक म्हणतोय, नक्की म्हणत नाही."

मग मी वहीतले प्रश्न काढले. दोन्ही पद्धतींत पोटावर छोटी भोकंच पडतात, हे मला माहीत होतं. साध्या दुर्बिणीच्या पद्धतीत डॉक्टर तुमच्या शेजारी उभे राहतात आणि लांब दांड्यांची हत्यारं स्वतःच्या हातात धरतात. रोबोटमध्ये ते बाजूच्या आसनावर बसतात, डोळ्यांना उठावदार मोठं चित्र दिसतं, आणि ते बोटं हलवतील तशी यंत्राच्या हातांतली हत्यारं आत हलतात. ती हत्यारं मनगटासारखी वळतात, साधी वळत नाहीत. इथवर मला मुलीनेही सांगितलं होतं. मी विचारलं, "दोरा किती ओढला हे बोटाला कळतं का?"

"हे मला आजवर कुठल्या पेशंटने विचारलेलं नाही."

"तुमचे पेशंट शिवत नसतील."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "मी दोन शिलाया दाखवतो. कुठली कशाने केली ते सांगत नाही. बघा आणि सांगा."

पहिल्या चित्रात सुई सरळ आत जात होती, वळून बाहेर येत होती, टाक्याटाक्यातलं अंतर मोजून घेतल्यासारखं सारखं. दुसऱ्यात हत्यार अवघडून आत शिरलं होतं, सुई तीनदा सोडून परत पकडावी लागत होती. बघायला पहिलं देखणं होतं. पण मी काठांकडे बघत होते. पहिल्यात टाका ओढला की काठ पांढरा पडत होता.

"दुसरी शिलाई चांगली," मी म्हणाले. "पहिल्याने दोरा फार ओढलाय. चुण्या पडतायत."

डॉक्टर हसले, पण जरा वरमूनच. "दोन्ही माझ्याच. पहिली रोबोटने केलेली, सुरुवातीच्या महिन्यांतली. रोबोटवर हाताला ओढ कळत नाही. ती डोळ्यांनी ओळखायची असते, काठाच्या रंगावरून. लांब दांड्यांमधून थोडी तरी कळते, आणि माझ्या हाताला तीच सवय होती."

"आता येतं ओळखता?"

"येतं."

"मग आताची दाखवा."

त्यांनी दाखवली. मी दोनदा बघितली. चुणी नव्हती. काठ गुलाबी होते. वही मिटून मी विचारलं, "मग माझ्यासाठी कुठलं, आणि का?"

"पहिलंच ऑपरेशन असतं तर मी म्हणालो असतो, दोन्ही सारखंच," ते म्हणाले. "तुमचं दुसरं आहे. पहिल्या वेळी जठर कापून जिथे पिना मारल्या, त्या रेषेला आत लिव्हर चिकटलेलं असणार. ते थोडं थोडं करून सोडवायचं. त्यातच तास, दीड तास जाईल. शिवायचं खरं काम त्याच्यानंतर. साध्या पद्धतीत तोवर माझे हात खांद्याइतके वर धरून आखडलेले असतात. रोबोटवर मी बसलेला असतो, कोपरं टेकलेली असतात. शिवायला घेतो तेव्हा हात ताजे असतात. माझं कारण एवढंच आहे. दुसरे डॉक्टर दुसरं सांगतील, आणि ते चुकीचे नसतील. यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. रोबोटला वेळ जास्त लागतो, म्हणजे तुम्ही भुलीखाली जास्त वेळ राहणार. खर्चही जास्त."

"आणि रोबोटने जमलं नाही तर?"

"तर तो बाजूला सारून साध्या दुर्बिणीने करणार. ज्याला ते येत नाही त्याने रोबोटवर बसूच नये. त्यानेही नाही जमलं तर पोट उघडावं लागेल. आणि जोड गळण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त आहे. गळला तर प्रकरण जिवावर येऊ शकतं. हे तुम्ही सही करण्याआधी ऐकायला हवं."

मी घाबरले. तोवर मी एखाद्या शिकाऊ मुलीची परीक्षा घ्यावी तशी बोलत होते. घरी परत येताना बसमध्ये मी खिडकीशी बसून स्वतःला सरळ विचारलं की वाकण्यासाठी मरायची तयारी आहे का. नव्हती. पण उरलेलं आयुष्य दुसऱ्याने कापून दिलेलं शिवत बसायचीही तयारी नव्हती, आणि अन्ननलिकेतल्या जखमा काही माझी तयारी होण्याची वाट बघत थांबणार नव्हत्या.

खांद्यांचं ते कारण मात्र मला पटलं. माझ्या दुकानात वीस वर्षं एक नियम आहे. संध्याकाळी सातनंतर बाही लावायची नाही. हुक लावा, काज करा, घड्या घाला, गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही गयावया करू दे, बाही सकाळी. दमलेल्या हाताला बाही बसते त्या मुंढ्याची गोलाई सापडत नाही आणि सकाळी सगळं उसवावं लागतं. डॉक्टरांनी रोबोटचं कौतुक केलं असतं तर मी दुसरीकडे गेले असते. त्यांनी स्वतःच्या दमण्याबद्दल सांगितलं, म्हणून मी रोबोटला हो म्हणाले.

"टोल्ड यू," मुलगी म्हणाली.

"तू सांगितलंस म्हणून नाही," मी म्हणाले.

पहिल्या वेळी मी ऑपरेशनचं सगळ्यांपासून लपवलं होतं. गरम पाणी पिऊन आणि रात्रीचं जेवण सोडून बारीक झाले, असं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, आणि दोघीतिघींनी रात्रीचं जेवण सोडलंही होतं. या वेळी मी दुकानाच्या शटरवर कागद चिकटवला. 'दुकान दोन महिने बंद. पोटाचं ऑपरेशन आहे, वजनाचं, दुसऱ्यांदा. आधी खोटं सांगितलं होतं. उपाय विचारू नयेत. तयार ब्लाऊज शेजारच्या किराणा दुकानात ठेवले आहेत.' आमचे हे तो वाचून म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे." त्यांचा विरोध तिथे संपला, असं मी समजले.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसते पातळ पदार्थ होते, लिव्हर आकसावं म्हणून. ताक, गाळलेलं सूप आणि खडूसारखी लागणारी प्रोटीनची पावडर. आठ वर्षांपूर्वी मी यात चोरून बिस्किटं खाल्ली होती. या वेळी भडंगाची बरणी मी स्वतः उचलून शेजारणीला दिली. तिने विचारलं, परत कधी देऊ. मी म्हणाले, देऊ नका.

सकाळी मला आत नेलं तेव्हा मी शुद्धीवर होते. रोबोट भिंतीपाशी उभा होता, त्याचे चारही हात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. मी त्याच्याकडे फार बघितलं नाही. मी बघत होते ते कोपऱ्यातल्या डॉक्टरांच्या आसनाकडे. डॉक्टर आले, त्यावर बसले, उंची कमी केली, परत थोडी वाढवली, कोपरं टेकवून बघितली. मीही रोज सकाळी मशीनसमोरचं स्टूल असंच जुळवून घेते. मग नाकावर मास्क आला.

जागी झाले तेव्हा संध्याकाळ होती. घसा कोरडा पडला होता, पोट जड होतं. हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली नव्हती, तरी चेहरा चार दिवस न झोपल्यासारखा वाटत होता. साडेतीन तास सांगितले होते आणि साडेपाच लागले, हे मला त्यांच्याकडून कळलं. वरच्या दोन तासांत त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि ते पाणी प्यायलाही उठले नव्हते. माझा हात त्यांनी हातात घेतला, जे ते चारचौघांत कधी करत नाहीत.

"झालं," ते म्हणाले. "आता वाक काय वाकायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. नर्सने मला आधीच दोनदा खोलीभर चालवलं होतं. त्यांनी पोट तपासलं, नाडी बघितली, आणि मग खुर्ची ओढून बसले.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "जोड शिवून झाला की आम्ही आत निळं पाणी सोडून बघतो, गळतोय का. गळत नव्हता. पण एका कोपऱ्यातला काठ मला थोडा पांढरट वाटला. ते दोन टाके मी उसवले आणि परत घातले. उशीर लिव्हर सोडवण्यात झाला आणि त्याच्यात झाला."

"रोबोटनेच घातले?"

"रोबोटनेच."

"साध्या पद्धतीने केलं असतं तर?"

"तर तेही झालं असतं बहुतेक." ते म्हणाले. "पण पाचव्या तासाला, खांदे दुखत असताना, गळत नसलेला टाका मी उसवला असता का, हे मला खरंच माहीत नाही."

मी रडायला लागले. त्यांना वाटलं दुखतंय, ते नर्सला हाक मारायला निघाले. मी मानेने नाही म्हणाले. चुकलेली शिलाई गुपचूप निस्तरून देणारे टेलर मी पुष्कळ पाहिले आहेत, मीही त्यांतलीच आहे. कुणी विचारलेलं नसताना, निस्तरल्यानंतर समोर बसून सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. ऑपरेशन ठरल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की मी नीट निवडलं. यंत्र नीट निवडलं की माणूस, हे तेव्हा मला वेगळं करता आलं नाही, आजही येत नाही.

घरी आल्यावर दिवसभर घोट घोट पाणी, मग पातळ वरण, मग मऊ भात कालवून, तोही चमच्याने मोजून. गोळ्या आता जन्मभर आहेत. वजन उतरत होतं, पण सावकाश. मी काट्यावर चढायचं टाळत होते. रोज सकाळी मात्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून मी थोडं वाकून बघायचे आणि लगेच सरळ व्हायचे, कारण डॉक्टरांनी दोन महिने जास्त वाकायला मनाई केली होती. यावेळी त्यांचा प्रत्येक शब्द मी पाळत होते. झोपताना एकेक उशी कमी केली. एका सकाळी जाग आली तेव्हा पाठीखाली एकच उशी होती आणि तोंड आंबट नव्हतं.

दोन महिन्यांनी दुकान उघडलं. मदतनीस बाई माझ्याआधीच येऊन थांबल्या होत्या. त्या धायरीगावातल्या, माझ्याच वयाच्या, माझ्याकडे बारा वर्षं आहेत. त्यांनी टेबल पुसलं, माझ्यासाठी आणलेलं निळं सुती कापड पसरलं, माझी नवी मापं घेतली, खडूने आखलं, आणि सवयीने कात्री उचलली.

"कात्री द्या," मी म्हणाले.

त्यांनी कात्री पाठीमागे नेली. "डागदरला इचारलंय का ताई?"

"विचारलंय."

"आन् परत वर आलं तर?"

"तर नळ तिथेच आहे."

त्यांनी कात्री दिली. मी टेबलावर वाकले. पोटाला आत ओढ जाणवली, टाक्यांची असेल. कात्री कापडात सरकली आणि मी मनातल्या मनात वाट बघायला लागले. पाच मिनिटं झाली. पुढचा भाग कापून झाला. छातीत आग नव्हती. घशाशी काही आलं नव्हतं. पाठीचा भाग झाला. माझे डोळे भरून आले आणि समोरची खडूची रेघ पसरट दिसायला लागली. तरी मी हात थांबवला नाही, मुंढ्याच्या गोलाईवर कात्री वळवली.

"वाकडं गेलं ताई," मदतनीस बाई हळूच म्हणाल्या.

मी डोळे पुसून बघितलं. बोटभर वाकडं गेलं होतं. दोन वर्षांत माझ्या हाताचं वळण गेलं होतं आणि त्यांच्या हाताला ते आलं होतं. मी ओरडेन म्हणून त्या एक पाऊल मागे सरकल्या होत्या. कापड फुकट गेलं होतं.

"हो, चुकलं माझं," मी म्हणाले. "दुसरं कापड काढा." त्या कपाटाकडे गेल्या. तेवढ्या वेळात सरळ व्हायला हरकत नव्हती. मी टेबलावर तशीच वाकून राहिले.